अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर, ईएसआर: संधिवाताचे रिपोर्ट वाचायचे कसे आणि आजार मोजायचा कसा

आमवाताच्या एका रुग्णाचा अँटी-सीसीपी (रक्तातल्या प्रतिपिंडांची एक तपासणी) मागच्या वर्षी १८० होता, यंदा २१० आला. पण सकाळी सांधे तासभर आखडायचे ते आता दहा मिनिटांत मोकळे होतात, मूठ पूर्ण वळते, कणीक मळता येते. मग आजार वाढला की उतरला? उतरला. २१० हा आकडा या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी नसतोच. तरीही तो पाहून घाबरून डोस बदलून मागणारे, आणि उलट आकडा थोडा उतरला म्हणून गोळ्या बंद करणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण सर्रास भेटतात. दोघांचंही नुकसान होतं, दुसऱ्याचं जास्त.

ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते असा संधिवाताचा प्रकार. यात रक्ताच्या तपासण्या दोन गटांत मोडतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या अँटीबॉडीज म्हणजे प्रतिपिंडं. हा आजार आमवातच आहे का आणि पुढे तो किती आडदांड होण्याची शक्यता आहे, हे त्यांच्यावरून कळतं. ईएसआर आणि सीआरपी हे सुजेचे निर्देशक. आज शरीरात आग किती पेटलेली आहे, याचा अंदाज ते देतात, तोही अर्धामुर्धा. उरलेला अर्धा भाग सांधे हाताने दाबून मोजावा लागतो. त्याला पर्याय देणारी लॅब अजून निघालेली नाही.

अँटीबॉडीज नेमक्या कशाच्या विरुद्ध असतात

आरए फॅक्टर नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली नोंदवला आणि अमेरिकेत हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये त्यावर पुन्हा प्रकाश टाकला. आपल्याच आयजीजी जातीच्या प्रतिपिंडाच्या शेपटाकडच्या भागाला चिकटणारं हे प्रतिपिंड, बहुतेक वेळा आयजीएम जातीचं. आमवाताच्या साधारण ७० टक्के रुग्णांत ते सापडतं. अडचण अशी की ते इतर ठिकाणीही सापडतं: हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, तोंड-डोळे कोरडे पाडणारा श्योग्रेन आजार, आणि काहीही न होणारी धडधाकट म्हातारी माणसं. म्हणून सत्तरीतल्या आजोबांचे गुडघे झिजलेत आणि आरए फॅक्टर २८ आलाय, एवढ्यावर त्यांना आमवात झाला असं म्हणता येत नाही.

अँटी-सीसीपी जास्त नेमकी तपासणी आहे. सूज आलेल्या ठिकाणी काही विकरं (एन्झाइम्स) प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. काही माणसांची प्रतिकारशक्ती अशा बदललेल्या प्रथिनांना परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. धूम्रपान करणाऱ्यांत, हिरड्यांच्या जुनाट आजारात आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित विशिष्ट एचएलए जनुकं असणाऱ्यांत हे जास्त घडतं. ही तपासणीही साधारण दोन-तृतीयांश रुग्णांतच पॉझिटिव्ह येते, पण आमवात नसलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांत ती निगेटिव्ह राहते. सक्रिय क्षयरोग असलेल्या काहींमध्ये मात्र ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे ही गोष्ट विसरून चालत नाही. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं काही सोबत असेल तर छातीचा एक्स-रे आधी.

ही प्रतिपिंडं सांधे दुखायच्या कितीतरी आधी रक्तात येतात. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचं साठवलेलं रक्त तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आमवात झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात ती आधीच होती, मध्यक काढला तर लक्षणांच्या साडेचार वर्षं आधी. थोडक्यात, अँटी-सीसीपी आणि आजची सूज यांची गाठ सैल आहे. सूज नसतानाही तो २०० असू शकतो आणि सूज पूर्ण उतरल्यावरही २०० राहू शकतो.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहायचं

आधी आकड्याशेजारची मर्यादा वाचा. अँटी-सीसीपीची मर्यादा पुष्कळ लॅबमध्ये २० युनिट असते, पण मशिन बदललं की मर्यादाही बदलते. आरए फॅक्टरला कुठे १४, कुठे २०. मर्यादेच्या वर पण तिप्पटपर्यंतचा आकडा सौम्य पॉझिटिव्ह, तिप्पटीच्या वर गेला की तीव्र पॉझिटिव्ह. मर्यादा २० असेल तर ६० ही सीमारेषा. म्हणजे ७५ आणि ३४० यांच्यात निदानाच्या दृष्टीने फरक शून्य. पुष्कळदा लॅब ‘२०० पेक्षा जास्त’ किंवा ‘५०० पेक्षा जास्त’ असंच छापते, कारण मशिनची पट्टी तिथेच संपते. एका लॅबचे २०० आणि दुसरीचे ५०० यांची तुलना करू नका.

आरए फॅक्टर नुसता ‘पॉझिटिव्ह’ असा, आकड्याविना आला असेल तर तो बहुधा लेटेक्स पद्धतीने, काचपट्टीवर केलेला आहे. निकषांत तो सौम्य पॉझिटिव्हच धरतात. शक्य असेल तर आकड्यात येणारी तपासणी करून घ्या.

केसगळतीसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. काही मशिनची पद्धतच बायोटिनवर आधारलेली असते आणि निकाल चुकतो. दोन-तीन दिवस गोळी थांबवून रक्त दिलं तर बहुधा प्रश्न सुटतो. उपाशीपोटी जाण्याची या कोणत्याच तपासणीला गरज नाही.

आणि ‘संधिवात प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजबद्दल: त्यात युरिक ॲसिड आणि एएसओ हमखास कोंबलेले असतात. एएसओ म्हणजे घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं. मोठ्या माणसाच्या हाताच्या सुजेशी त्याचा सहसा संबंध नसतो, पण तो वाढलेला दिसला की पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू होतात. त्याऐवजी डॉक्टरांकडून चारच नावं लिहून घ्या: आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी.

निदानाचे गुण

२०१० मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून दहा गुणांची एक मोजणी ठरवली. निदान एका सांध्याला खरी सूज हवी आणि तिचं दुसरं पटण्याजोगं कारण नको, तरच ही मोजणी लागू. लहान सांधे म्हणजे मनगटं, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, पायाच्या बोटांच्या मुळाचे सांधे. १ ते ३ लहान सांधे असतील तर २ गुण, ४ ते १० असतील तर ३, एकूण दहाहून जास्त सांधे आणि त्यात एकतरी लहान असेल तर ५. फक्त मोठे सांधे असतील तर एकाला शून्य, २ ते १० ला १. प्रतिपिंडं निगेटिव्ह असतील तर शून्य, दोहोंपैकी एक सौम्य पॉझिटिव्ह असेल तर २, तीव्र असेल तर ३. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला असेल तर १. त्रास सहा आठवडे किंवा जास्त असेल तर १. बेरीज ६ झाली की आमवात.

उदाहरण घ्या. दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाचे चार सांधे दोन महिन्यांपासून सुजलेत, आरए फॅक्टर २२, अँटी-सीसीपी निगेटिव्ह, सीआरपी आणि ईएसआर ठीक. ३ अधिक २ अधिक शून्य अधिक १, बेरीज ६. याच माणसाचा आरए फॅक्टरही निगेटिव्ह असता तर बेरीज ४ भरली असती. पण बारा सांधे सुजलेले असते तर दोन्ही प्रतिपिंडं निगेटिव्ह असूनही ५ अधिक १ म्हणजे ६ झाले असते. ‘आरए टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे आमवात नाही’ हे वाक्य म्हणूनच चूक. हे निकष मुळात संशोधनात रुग्णांची वर्गवारी करण्यासाठी आहेत. चार-पाच गुणांवर अडकलेल्या माणसाला तज्ज्ञ वाऱ्यावर सोडत नाहीत, पुन्हा तपासतात.

आपल्या भागात सगळ्यात जास्त गल्लत चिकनगुनिया करतो. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरलेले होते, दोन्ही हातांचे, सकाळी आखडणारे, थेट आमवातासारखे. ताप येऊन एका दिवसात सगळे सांधे एकदम धरले असतील तर चिकनगुनियाचा विचार आधी. त्यात अँटी-सीसीपी बहुधा निगेटिव्ह असतो. तीन महिन्यांनंतरही सूज असेल आणि अँटी-सीसीपी तीव्र पॉझिटिव्ह असेल, तर ‘चिकनगुनियाचं उरलंसुरलं आहे’ म्हणत बसू नये. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली गावभर फिरून केलेल्या पाहणीत आमवाताचं प्रमाण साधारण दोनशे माणसांमागे एक निघालं होतं. म्हणजे हा काही दुर्मिळ आजार नाही.

सांधे मोजणं: हे शिकून घ्याच

आजाराची सक्रियता मोजताना २८ सांधे पाहतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांच्या मुळाचे दहा, बोटांचे मधले दहा (अंगठ्याचा एकच असतो, तो यात धरला), दोन गुडघे. नखाजवळचा शेवटचा सांधा यात नाही. तो दुखत-फुगत असेल तर तिथे बहुधा वयोमानाची झीज असते.

ठरलेल्या वेळी मोजा, उठल्यावर तासाभराने किंवा रोज दुपारी चारला, कसंही, पण वेळ बदलू नका. शेक, मालिश किंवा वेदनाशामक गोळी यांच्या लगेच नंतर मोजू नका. सांधा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून एवढा दाब द्या की दाबणाऱ्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल. दुखलं तर तो ‘दुखरा’. मग सूज पाहा. आमवाताची सूज मऊ लागते, पिकत आलेल्या द्राक्षासारखी दबते, आणि बोटावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात. टणक, हाडासारखी गाठ लागली तर ती सूज धरायची नाही. ‘दुखरे’ आणि ‘सुजलेले’ यांची संख्या वेगवेगळी लिहा, एकच सांधा दोन्हीकडे येऊ शकतो. खांद्याची सूज घरी कळत नाही, तिथे फक्त दुखरेपणा लिहा.

या पद्धतीतली मोठी खोट म्हणजे पावलं आणि घोटे मोजलेच जात नाहीत. तळपायाखाली खडा टोचल्यासारखं वाटत असेल, चप्पल घट्ट होत असेल, तर २८ सांध्यांचा आकडा शून्य असूनही आजार जागा असू शकतो. वहीत पायांसाठी वेगळा रकाना ठेवा आणि डॉक्टरांसमोर मोजे काढा.

डीएएस२८ आणि सीडीएआय

डीएएस२८ म्हणजे या २८ सांध्यांवरून आजाराची सक्रियता सांगणारा आकडा. तो काढायला चार गोष्टी लागतात: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, ईएसआर, आणि स्वतःच्या तब्येतीला तुम्ही ० ते १०० मध्ये दिलेला आकडा (० म्हणजे उत्तम, १०० म्हणजे फारच वाईट). दुखऱ्या सांध्यांचं वर्गमूळ गुणिले ०.५६, सुजलेल्यांचं वर्गमूळ गुणिले ०.२८, ईएसआरचा नॅचरल लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ‘ln’ बटण) गुणिले ०.७०, आणि तब्येतीचा आकडा गुणिले ०.०१४. चौघांची बेरीज. २.६ च्या खाली आली तर आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. सीआरपी वापरायचा तर सूत्र वेगळं आहे. या महिन्यात ईएसआरचं आणि पुढच्या महिन्यात सीआरपीचं अशी सरमिसळ करू नका.

सहा दुखरे, चार सुजलेले, ईएसआर ३६, तब्येत ५० असं धरा. १.३७ अधिक ०.५६ अधिक २.५१ अधिक ०.७० म्हणजे ५.१४. तीव्र. यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या ईएसआरचा आहे, हे लक्षात घ्या.

आता दुसरी बाजू. एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही, तब्येत १०, पण रक्त कमी असल्यामुळे ईएसआर ४०. लॉगचे २.५८ आणि तब्येतीचे ०.१४ मिळून २.७२. सूत्राच्या मते हा माणूस अजून ‘शांत’ नाही! आपल्याकडे बायकांत ॲनिमिया इतका आहे की हा गोंधळ रोजचाच. डोस वाढवण्याआधी हिमोग्लोबिन पाहायला हवं.

म्हणून रोजच्या वापरासाठी आमची पसंती सीडीएआय या दुसऱ्या मोजमापाला. त्याला रक्त लागतच नाही. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाने आजाराला ० ते १० मध्ये दिलेला आकडा आणि डॉक्टरांनी दिलेला तसाच आकडा, यांची साधी बेरीज. २.८ पर्यंत शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. वरच्या पहिल्या उदाहरणात ६ अधिक ४ अधिक ५ अधिक डॉक्टरांचे ४, एकूण १९, म्हणजे मध्यम. दुसऱ्यात, डॉक्टरांनी शून्य दिला असं धरलं तर, १, म्हणजे शांत. दोन मोजमापं वेगळं बोलतात तेव्हा ईएसआर कशामुळे वाढलाय हे आधी शोधायचं.

स्वतःला आकडा देताना प्रश्न नीट ऐका. तो ‘संधिवातामुळे’ किती त्रास आहे, असा असतो. कंबर धरलीय, झोप नाही, घरात कटकट आहे म्हणून ८० सांगितलं तर बेरीज फुगते आणि नको ती औषधं वाढतात. कंबरेचं दुखणं वेगळं सांगा.

ईएसआर आणि सीआरपी कुठे फसवतात

ईएसआर वयाबरोबर वाढतो. ढोबळ हिशेब: पुरुषात वयाच्या निम्मा, स्त्रीत वयात दहा मिळवून त्याचा निम्मा, इथपर्यंत चालतो. साठीच्या बाईंना ३५ पर्यंत काळजी नाही. गरोदरपण, ॲनिमिया आणि कोणताही संसर्ग तो वाढवतो. घरी येऊन घेतलेलं रक्त तासन् तास फिरत राहिलं तर उलटा खोटा कमी येऊ शकतो. नमुना चार तासांत लावला जायला हवा, तेव्हा घरून रक्त घेणाऱ्याला ‘लॅबला किती वाजता पोचेल’ हे विचारायला लाजू नका.

सीआरपी चपळ असतो. सूज थांबली की त्याची रक्तातली पातळी साधारण १९ तासांत निम्मी होते. पण एकक वाचा: काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. पहिल्यातले १२ म्हणजे दुसऱ्यातले १.२. लॅब बदलल्यावर ‘सीआरपी दहापट उतरला’ असा आनंद याच चुकीतून होतो. दाढेचा गळू, लघवीचा संसर्ग, सर्दी-ताप यांनीही तो चढतो, म्हणून आजारपणानंतर दोनेक आठवडे थांबून तपासा. लठ्ठपणातही तो थोडा वर राहतो.

स्टेरॉइडने दोन्ही आकडे भराभर उतरतात. तपासणीसाठी चालू स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचं आहे. डोस किती ते रिपोर्टवर लिहून ठेवा. आणि कुठल्या तरी निनावी पुडीने दोन दिवसांत सूज ओसरली असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे.

कोणती तपासणी किती वेळा

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी निदानाच्या वेळी एकदा. पॉझिटिव्ह आले की विषय संपला, दरवर्षी पैसे घालवू नका. उपचाराने आरए फॅक्टर थोडाफार उतरतो, अँटी-सीसीपी फारसा हलत नाही, आणि त्याच्या चढउतारावरून औषध बदलत नाहीत. निगेटिव्ह असूनही आजार पुढे सरकत असेल तर एकदा पुन्हा केलेला चालतो. हातापायांचे एक्स-रे सुरुवातीलाच काढून ठेवा. प्रतिपिंडं तीव्र पॉझिटिव्ह असलेल्यांत हाडं कुरतडली जाण्याचा आणि फुप्फुसं बाधित होण्याचा धोका जास्त, म्हणून त्यांच्यावर उपचार सुरुवातीपासून आक्रमक हवेत. चढताना दम लागतो किंवा कोरडा खोकला जात नाही, हे त्यांनी लगेच सांगायचं. विडी-सिगारेट बंद, यात घासाघीस नाही. पुढे बायोलॉजिक औषध (प्रतिकारशक्तीचा ठरावीक दुवा अडवणारं) निवडायची वेळ आली तरीही जुना प्रतिपिंडांचा रिपोर्ट कामी येतो: रिटुक्सिमॅब पॉझिटिव्ह रुग्णांत जास्त चांगलं चालतं.

आजार सक्रिय असेपर्यंत दर एक ते तीन महिन्यांनी सांधे, ईएसआर, सीआरपी. तीन महिन्यांत ठळक फरक नाही किंवा सहा महिन्यांत आजार शांत वा निदान सौम्य झाला नाही, तर औषध बदलायचं, हा सध्याचा नियम. ‘अजून थोडे दिवस पाहू’ करत वर्ष गेलं की बोटं वाकडी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्सेट (आमवाताचं नेहमीचं मुख्य औषध) चालू असेल तर रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग दोन-तीन महिन्यांनी. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. वार ठरवा आणि पाकिटावर मार्करने लिहा.

अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, पण सूज कुठेच नाही, असे लोकही असतात, विशेषतः घरात कुणाला आमवात असेल तेव्हा. त्यांना आज औषध देत नाहीत. सांधे दुखू लागलेल्या अशा लोकांवर ॲबटासेप्ट या बायोलॉजिक औषधाच्या दोन चाचण्या झाल्या, त्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि औषध दिलेल्यांत आजार पुढे ढकलला गेला असं दिसलं. पण तो अजून नेहमीचा उपचार नाही. त्यांनी तंबाखूचा धूर सोडायचा, हिरड्या दाखवायच्या, आणि बोटांच्या मुळाशी सूज येऊन सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकू लागला की दोन-चार आठवड्यांत संधिवाततज्ज्ञांकडे जायचं.

टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. हे औषध आयएल-६ या रसायनाचा मार्ग अडवतं, आणि यकृताला सीआरपी बनवण्याचा हुकूम तेच रसायन देत असतं. त्यामुळे सांधे सुजलेले असतानाही सीआरपी आणि ईएसआर शून्याकडे झुकतात आणि डीएएस२८ उगीच छान दिसतो. अशा रुग्णांत सीडीएआयच वापरायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्यूमोनिया झाला तरी सीआरपी चढेलच असं नाही, तापही दबलेला असू शकतो. हे इंजेक्शन चालू असताना थंडी वाजली, धाप लागली किंवा एकच सांधा एकाएकी लाल-गरम होऊन हलवता येईना, तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.